लाइनीपलीकडे

निपाणीला काय नाही? तंबाखू आहे, बाजार आहे, हायवे तर गावाला खेटून पळतो. नाही ती फक्त रेल्वे. पुढाऱ्यांनी दर निवडणुकीला ती आणली आणि निवडणूक झाली की परत नेली. अशा गावातल्या हायस्कुलात पार्श्वनाथ सरांनी उभी हयात इतिहास शिकवला, आणि त्यातही जीव लावून काय शिकवलं, तर एकोणिसाव्या शतकातली जगभरची रेल्वे. पुस्तकात तिला जेमतेम दीड पान होतं. सरांना पंधरवडा पुरायचा नाही.

ज्या पोरांनी आगगाडीचा डबा आतून पाहिला नव्हता, त्यांना अठराशे पंचवीस साली इंग्लंडात इंजिनाच्या पुढं घोड्यावर बसून निशाण घेतलेला माणूस चालला होता, हे तोंडपाठ होतं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तेव्हा तोफा उडाल्या, रशियानं आपले रूळ शेजाऱ्यांपेक्षा रुंद टाकले, ऑस्ट्रेलियात दोन प्रांतांचे रूळ जुळेनात म्हणून उतारूंना हद्दीवर सामान डोक्यावर घेऊन गाडी बदलावी लागायची, हे सगळं सर असं सांगायचे की जणू परवाच बघून आलेत. जर्मनीतल्या पहिल्या गाडीनं पहिला माल नेला तो बिअरची दोन पिंपं. आता जैन माणूस वर्गात बिअरचं नाव कसं घेणार? ‘पेयाची पिंपं’ म्हणून ते पुढं सरकायचे आणि मागच्या बाकावरून हटकून प्रश्न यायचा, कसलं पेय सर? सरांचा मुलगा अरिहंत त्याच वर्गात बसायचा. सगळ्यात मोठ्यानं तोच हसायचा.

मग सर निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या पत्नी तारामतीबाई गेल्या. सर रडले नाहीत. लोक म्हणाले, सर खंबीर आहेत. खंबीर कसले डोंबलाचे! आत काही हलतच नव्हतं. आमटीत मीठ पडलंय की नाही ते कळायचं नाही. पेपर उघडला की त्याच पानावर दुपार व्हायची. दुःख झालं असतं तर त्यांनी ते सहन केलं असतं. ते होत नव्हतं, त्याचीच त्यांना मनातून भीती वाटायची, आणि अशी भीती सांगायची कुणाला?

त्या चातुर्मासात गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एक मुनिमहाराज मुक्कामाला होते. प्रवचनात दिग्व्रताचा विषय निघाला. हे व्रत म्हणजे चारी दिशांना आपणच आपली हद्द बांधून घ्यायची आणि जन्मभर ती ओलांडायची नाही. जेवढं फिरणं कमी, तेवढा लोभ कमी, तेवढी हिंसा कमी. लोक उठून आपापल्या हद्दी सांगू लागले. कुणी घटप्रभा सांगितली, कुणी मलप्रभा, एका व्यापाऱ्यानं तर मुंबई आत घेऊन मग समुद्राची हद्द सांगितली, म्हणजे धंद्याला अडचण नको. सर उठले. उत्तरेला पंचगंगा म्हणाले, पश्चिमेला घाटाची कड. आणि पूर्वेला, दक्षिणेला काय, तर अठराशे ऐंशीच्या दशकात इंग्रजांच्या कंपनीनं टाकलेली लोंढा-मिरज लाइन.

बस्तीत हशा पिकला. महाराजही हसले. मग त्यांनी सावकाश सांगितलं की काहीतरी सूट ठेवा, आजारपण म्हणा, मुलंबाळं म्हणा, पुष्कळ श्रावक ठेवतात, त्यात कमीपणा नाही. मास्तरकीत मुरलेल्या माणसाला सूट हा शब्दच खपत नाही. सूट ठेवली तर हद्द कसली, असं सर म्हणाले आणि नमस्कार करून खाली बसले. तेव्हा अरिहंत निपाणीतच नोकरीला होता. लाइनीपलीकडं सरांचं कुणी नव्हतं आणि असेल असं वाटायचंही कारण नव्हतं.

आता गंमत बघा. बेळगावात ती लाइन शहराच्या पोटातून जाते. अलीकडे कॅम्प, पलीकडे टिळकवाडी आणि तसंच पुढं गेलं की कारखान्यांची उद्यमबाग. अरिहंतला वर्षाच्या आत उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सुपरवायझरची जागा मिळाली. चिकोडीकडची प्रणिता बायको होऊन आली. फौंड्रीला जवळ म्हणून दोघांनी पलीकडेच घर घेतलं. वास्तुशांतीला सर गेले नाहीत. जाणार कसे? फाटकापलीकडं दोन पावलं टाकली की व्रत मोडलं.

अरिहंतनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. आप्पांची हद्द हाय, आमीच जातो, असं तो हसत सगळ्यांना सांगायचा. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवर प्रणिताला घेऊन निपाणीला यायचा. वेळ कमी असला की कडोलीला गाठ पडायची, सरांचे जुने सहकारी महादेव यांच्या घरी. महादेव ड्रॉइंगमास्तर, घरची शेती, बोलायला रोखठोक. त्यांच्या ओसरीवर बापलेक बसायचे, चहा व्हायचा, अरिहंत फौंड्रीतल्या गमती सांगायचा आणि सर ऐकल्यासारखं करायचे. येताना तो काहीतरी आणायचा, जाताना वाकून पाया पडायचा. इतकी वर्षं हे असंच चाललं. कुणीतरी एकदा तरी भांडायला हवं होतं. पण सगळेच शहाणे, त्यामुळं घोळ तसाच राहिला.

मग अरिहंतचं पोट दुखायला लागलं. आधी गोळ्या झाल्या, मग फोटो काढले, मग कॅन्सर निघाला. पहिले काही महिने तो येत राहिला, मोटरसायकल सुटली तर गाडी करून. शर्ट अंगावर लोंबायला लागला होता. शेवटचा आला तेव्हा पाया पडायला वाकला आणि प्रणितानं त्याला धरून उभं केलं. त्यानंतर येणं थांबलं. उद्यमबागेजवळच्याच एका दवाखान्यात त्याला ठेवलं. सर रोज संध्याकाळी फोन करायचे. जेवलास का, विचारायचे. व्हय आप्पा, असं उत्तर यायचं. आणि फोन बंद व्हायचा.

इकडं बस्तीत सरांचं कौतुक चाललं होतं. पोटचा पोरगा अंथरुणाला खिळलाय, तरी सरांची हद्द ढळली नाही, असं लोक एकमेकांना सांगत. सर ते ऐकत, दुसऱ्या कुणाची गोष्ट चालल्यासारखं. खरं सांगायचं तर व्रत ही अर्धीच अडचण होती. उरलेली अर्धी अशी की आपण जाऊ, पोराच्या उशाशी उभे राहू आणि तिथंही आत काही हललं नाही तर? तारामतीच्या वेळी एकदा ते झालं होतं. पोराच्या वेळीही तसंच झालं तर मग आपण माणूस म्हणून कसले? सर तो विचार आला की उठून अंगणातल्या झाडांना पाणी घालायचे. झाडं पाण्यानं कुजायला आली होती.

अशातच एका दुपारी महादेव मास्तर कडोलीहून स्कूटर हाणत आले. चहा नको म्हणाले, आणि त्यांनी चहा नको म्हटल्यावरच सरांना कळायला हवं होतं.

“अरिहंतला बघून आलो. न्हाय टिकत, सर,” ते म्हणाले. “आता दिवस मोजायचं काम हाय.”

महादेवांनी थोडी वाट पाहिली. मग त्यांचा तोल गेला, पण आवाज चढला नाही.

“वर्गात तुमीच सांगत हुतासा न्हवं, रेल्वेनं लांबचं जवळ आणलं म्हणून? जगातल्या सगळ्या लाइनी पोरांना हिंडवून आणल्यासा. आन् सोताच्या पोराकडं जायला बेळगावचं फाटक आडवं आलं तुमास्नी?”

सरांनी एवढंच म्हटलं, की बघतो. महादेव उठले. स्कूटरला किक मारताना त्यांनी डोळे पुसले ते सरांनी पाहिलं, आणि ह्या परक्या माणसाला जे येतं ते आपल्याला का येत नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर बस्तीत दर्शन करून आले, स्वच्छ धोतर नेसले आणि दाराला कुलूप घातलं. शेजारच्या रुक्माबाईंना काही सांगितलं नाही. मोबाइल मुद्दाम कपाटात शर्टांच्या खाली ठेवला. वाटेत कुणाचा फोन आला आणि त्यानं सर, कुठं निघालासा विचारलं, तर खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगायची लाज वाटत होती. किल्ली खिशात टाकली आणि बेळगावच्या बसला खिडकीशी बसले. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, यांनी कन्नडमध्येच तिकीट मागितलं.

बस संकेश्वर मागं टाकून हत्तरगीकडं लागली. खिडकीतून ऊस येत होता आणि जात होता. मन रिकामं असलं की सरांच्या डोक्यात आपोआप रेल्वे सुरू व्हायची, तशी ती झाली. अमेरिकेत दोन कंपन्यांनी दोन टोकांकडून लाइन टाकायला घेतली होती. सरकार मैलागणिक पैसे देई. भेटायचं कुठं हे कुणी ठरवूनच दिलं नव्हतं, तेव्हा रुळांच्या पुढं जाऊन माती भरणाऱ्या टोळ्या समोरासमोर आल्या आणि थांबायच्याऐवजी एकमेकींच्या शेजारून तशाच पुढं निघून गेल्या. कितीतरी मैल दोन भराव शेजारी शेजारी पडले. ही गोष्ट सांगताना वर्गात फार हशा व्हायचा. अरिहंत विचारायचा की मग त्यांनी एकमेकांना हाक का मारली नाही.

हायवेच्या मधल्या दुभाजकापलीकडून गाड्या निपाणीकडं धावत होत्या. सरांनी तिकडं पाहिलंही नाही.

बेळगावात उतरून त्यांनी रिक्षा केली, पण फाटक दिसलं तशी ती सोडून दिली. मोडायचंच तर रिक्षात बसून, पाय वर घेऊन नको. फाटक पडलेलं होतं. मालगाडी येत होती. दोन्ही बाजूंना मोटरसायकली दाटल्या होत्या, उद्यमबागेचे कामगार हेल्मेटं घालून घाई करत होते. सर एका कडेला उभे राहिले. मॅंचेस्टरची लाइन सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी एक मोठा माणूस रुळांवर उतरला होता आणि इंजिनाखाली सापडला होता, हे त्यांना आठवलं. आठवून काही वाटलं नाही. ही समोरची लाइन इंग्रजांनी टाकली तेव्हा मीटरभर रुंदीची होती, मग शंभरएक वर्षांनी रुंद केली, परवा परवा तिच्याशेजारी दुसरी घातली. म्हणजे ज्या लाइनीची हद्द सांगितली ती मुळात उरलीच नव्हती. व्रताला मात्र त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

मालगाडी गेली, फाटक वर झालं. सरांनी णमोकार मंत्र म्हटला आणि पाऊल टाकलं. पहिला रूळ, दुसरा रूळ, मग दुसरी जोडी. आपल्यात काहीतरी तुटेल, असं त्यांना वाटलं होतं. तुटलं नाही. मागचा स्कूटरवाला हॉर्न मारत होता, म्हातारबुवा चला की, म्हणत होता. सर पलीकडं पोचले आणि एका पानपट्टीच्या सावलीला क्षणभर टेकले. इतकी वर्षं जपलेलं मोडलं आणि पाय तेवढे धुळीनं माखले.

दवाखाना पायी जाण्यासारखा होता. खोलीचा नंबर महादेवांनी सांगितलेला होता. दार उघडंच होतं. आत एक सिस्टर कॉटवरची चादर ओढून काढत होती. उशीवर डोक्याएवढा खळगा होता. कॉट रिकामी होती.

सर दारातच थांबले. सिस्टरनं त्यांच्याकडं पाहिलं, धोतराकडं, पांढऱ्या टोपीकडं, आणि विचारलं की तुम्ही कोण? त्यांनी अरिहंतचा बाप म्हणून सांगितलं. त्या बाईच्या हातातली चादर तशीच राहिली.

तिनं जे सांगितलं ते असं. पेशंटनं काल रात्रीपासून एकच धरलं होतं, निपाणीला न्या. डॉक्टर नको म्हणाले, वाटेत काहीही होईल म्हणाले. त्याच्या बायकोनंही समजावलं. पण तो ऐकेना. आप्पांना इकडं येता येत नाही, मला जाता येतंय, असं तो म्हणत राहिला. शेवटी सकाळी अॅम्ब्युलन्स केली. त्याची बायको तुम्हाला सारखा फोन लावत होती, तुम्ही उचलला नाहीत. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कॉटच्या लोखंडी पट्टीला हात लावला. ती थंड होती.

सिस्टरनं आपल्या मोबाइलवरून प्रणिताला फोन लावून दिला.

“आप्पा? तुमी कुठं हायसा?” प्रणिता रडवेली झाली होती. “आमी घरात हाय. कुलूप हुतं. रुक्माबाईंनी फोडाय लावलं.”

“मी दवाखान्यात हाय.”

“कुठल्या?”

“तुमच्याच. अरिहंतच्या खोलीत.”

मग प्रणिताचा आवाज लांबून आला. ती कुणाला तरी सांगत होती की आप्पा बेळगावला गेलेत, लाइन ओलांडून, तुमच्याकडं. फोन कशाला तरी घासला गेला आणि जवळून श्वास ऐकू यायला लागला. ओढून घेतलेला, मध्ये थांबणारा श्वास.

“अरिहंत,” सर म्हणाले. “मी आलतो रं तुज्याकडं.”

“कशाला आप्पा?” तो म्हणाला. आवाज असा नव्हताच, नुसता वारा होता, पण त्यात हसू होतं. “मी आलोय की.”

थांब, निघालोच, एवढंच जन्मभर वर्गापुढं बोललेल्या माणसाला म्हणता आलं, आणि ते सिस्टरच्या हातात फोन देऊन जिन्याकडं धावले. धोतराचा सोगा पायात आला, भिंत धरली. तिथं, दवाखान्याच्या जिन्यावर, सरांच्या छातीत कळ आली. आधी त्यांना वाटलं आपलंच काहीतरी बिघडलं. मग कळलं की हे तेच आहे, जे तारामतीच्या वेळी यायला हवं होतं. आलं ते एकदम दोघांचं आलं. सर जिन्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

मग मात्र त्यांनी वेळ घालवला नाही. रिक्षावाल्याला तसंच निपाणीपर्यंत चल म्हणाले. तो तयार होईना, मग सरांचं तोंड बघून तयार झाला. फाटक पुन्हा पडलेलं होतं. कुठलीशी एक्सप्रेस यायची होती आणि ती काही केल्या येत नव्हती. सर रिक्षातून उतरून फाटकाच्या दांड्यापाशी जाऊन उभे राहिले. दांड्याखालून वाकून जावं असं मनात आलं, पण रिक्षा अलीकडंच राहिली असती. गाडी आली, तिचे डबे संपता संपेनात. काकती गेलं, यमकनमर्डी गेलं, रिक्षा जीव तोडून धडधडत होती आणि ट्रक तिला मागं टाकत होते. सर वाटभर बोलत होते. रिक्षावाल्याला वाटलं आपल्याशीच बोलतायत, म्हणून तो हं हं म्हणत राहिला. ते अरिहंतशी बोलत होते.

गल्लीच्या तोंडाशीच त्यांना कळलं. रुक्माबाई बाहेर उभ्या होत्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला होता. बस्तीतली माणसं टोप्या काढून भिंतीशी बसली होती. कुणी सरांना व्रताचं विचारलं नाही. फोडलेलं कुलूप कडीला लोंबत होतं. थोडा वेळ झाला, एवढंच कुणीतरी हळू म्हणालं. फोन ठेवल्यावर तो झोपल्यासारखा झाला आणि तसाच गेला.

उंबऱ्याबाहेर चपलांचा खच पडला होता. आपल्याच दारात सरांना चपला काढायला जागा सापडेना. ते पायात चपला घेऊन नुसतेच उभे राहिले. प्रणिता आतून आली. ती वाकली आणि तिनं एक जोड अलगद बाजूला सरकवला. तो अरिहंतचा होता. स्ट्रेचरवरून आणलेल्या माणसाला चपला कशाला लागतात? पण आप्पांच्या घरात आपल्या पायांनी जाणार म्हणून त्यानं सकाळी हट्टानं त्या सोबत घ्यायला लावल्या होत्या.

सरांनी आपल्या चपला त्यांच्याशेजारी काढल्या आणि ते आत गेले.